खुर्चीवरच्या बाईची दुसऱ्या दिवशीची सकाळ

विज्ञानकथा मालिका लिहिणाऱ्या आणि पडद्यावर आणणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी तुमची जुनी प्रेक्षक. बँकेची एक शाखा सांभाळते, हाताखाली चौदा माणसं आहेत, आणि रात्री जेवणं उरकली की तासभर तुमच्या जहाजांवर असते. पत्र मराठीत लिहितेय, कारण अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला तुमच्या कथांत प्रेम आणि घर का मिळत नाही, या विषयावर मी आणि माझी लेक गेली दोन वर्षं मराठीतच भांडतोय. तुमच्या लेखकांच्या खोलीत मराठी वाचणारं एखादं माणूस एव्हाना असेलही. त्याने किंवा तिने हे बाकीच्यांना वाचून दाखवावं, एवढीच आशा.

भांडण सुरू झालं 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'वरून. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकल्या गेलेल्या जहाजाची ही १७२ भागांची मालिका मी आधी एकटीने पाहिली होती, मग लेकीबरोबर पुन्हा लावली. सहाव्या सीझनमध्ये 'फेअर हेवन' नावाचा भाग आहे, २००० सालच्या जानेवारीतला. कॅप्टन कॅथरीन जेनवे होलोडेकवरच्या, म्हणजे जहाजावरच्या आभासी दुनियेच्या खोलीतल्या, आयरिश खेड्यात जाते आणि तिथे पब चालवणारा मायकल सलिव्हन तिला आवडतो. मायकल म्हणजे प्रकाशाचा खेळ, संगणकाने घडवलेला माणूस. जेनवे संगणकाला सांगते, याला जरा जास्त शिकलेला कर, बोलका कर, तीन सेंटिमीटर उंच कर. मग त्याची बायको समोर आणवते आणि म्हणते, हिला काढून टाक. बायको गायब होते. लेकीने तिथेच चित्र थांबवलं आणि विचारलं, "आई, हिला खरा माणूस का देत नाहीत गं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तो भाग लिहिणाऱ्यांना जेनवेची टिंगल करायची नव्हती, हे दिसतं. तिचा एकटेपणा खरा आहे. शेवटी ती संगणकाला बजावते, की यापुढे मला या माणसात बदल करू देऊ नकोस. आपण करतोय ते बरं नाही हे तिला कळतं, आणि ते कळण्यातलं दुःख केट मलग्रू फार संयमाने दाखवते. पण लेकीचा प्रश्न राहिलाच. सात वर्षं, सत्तर हजार प्रकाशवर्षं, दर आठवड्याला नवा ग्रह, नवी माणसं. आणि खुर्चीवरच्या बाईसाठी लेखकांना सुचला तो माणूस बटण दाबून बंद करता येणारा.

मग मी तिच्या बाकीच्या गोष्टी आठवत गेले. मालिका सुरू होते तेव्हा तिचा साखरपुडा झालेला आहे, मार्कशी. निघण्याआधी ती त्याच्याशी बोलते ते पोटुशी असलेल्या कुत्रीबद्दल. किती छान लिहिलंय ते! दोन माणसांचं एकमेकांशी नातं किती जुनं आहे, ते एका कुत्रीवरून कळतं. चौथ्या सीझनमध्ये त्याचं पत्र येतं. पिल्लांना घरं मिळाली, आणि मीही लग्न केलं, असं. त्यात मार्कचं काही चुकलं नाही. पण तोवर ती त्या साखरपुड्याच्या आडोशाला उभी होती, आणि आडोसा गेल्यावरही तिला कुणी सापडू द्यायचं नाही, असंच जणू ठरलेलं होतं.

'रेझोल्यूशन्स' हा दुसऱ्या सीझनमधला भाग मला जवळजवळ पाठ आहे. एका किड्याच्या दंशाने जेनवे आणि तिचा उपप्रमुख चाकोटे आजारी पडतात. त्या ग्रहावरून हललं तर जीव जाईल, म्हणून जहाज दोघांना तिथे ठेवून निघून जातं. ती औषध शोधत राहते. तो लाकूड तासतो. एके दिवशी तो तिला बाहेर बोलावतो, आणि बघते तर त्याने तिच्यासाठी आंघोळीचा टब बनवलेला. रात्री उघड्यावर, पाण्यात मान मागे टाकून बसलेली कॅप्टन. पुढे वादळात तिचं सगळं संशोधन वाहून जातं आणि ती टोमॅटोच्या वाफ्याकडे वळते. चाकोटे तिला एका लढवय्याची गोष्ट सांगतो, ती गोष्ट त्याचीच आहे हे तिला कळतं, आणि दोघांचे हात एकमेकांत गुंफले जातात. एवढंच. यापलीकडे काहीही दाखवलेलं नाही, तरी मला वाटतं तुमच्या सगळ्या मालिकांमधला हा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रसंग असावा.

मग जहाजावरून टुवॉक या अधिकाऱ्याचा आवाज येतो. औषध मिळालंय, आम्ही परत येतोय. पुढच्या दृश्यात दोघं गणवेशात, आपापल्या खुर्च्यांवर, कामाचं बोलताहेत. भाग संपतो.

तिथे मला टीव्हीच्या काचेवर टकटक करून विचारावंसं वाटतं: आणि दुसऱ्या दिवशी? त्याच जहाजावर, त्याच टेबलाशी, दोन फुटांवर बसून ही दोघं अजून पाच वर्षं काम करणार आहेत. पहिल्या रात्री ती आपल्या खोलीत गेल्यावर काय झालं? ठरवून थांबले, तर ठरवताना कोण आधी बोललं? नियम आडवा आला म्हणाल, तर ते मला मान्य आहे. हाताखालच्या माणसाशी संबंध नकोत हा नियम चांगलाच आहे, आणि ज्यांनी कचेरीत वरिष्ठांचा लोचटपणा सोसलाय त्या बायका हे तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. पण नियम पाळणं हीसुद्धा गोष्टच आहे. ती लिहायला हवी होती.

'वर्कफोर्स'चं मला सर्वांत जास्त लागलं. २००१ सालचा हा दोन भागांचा प्रसंग. क्वारा नावाच्या ग्रहावर जेनवे आणि तिच्या माणसांच्या आठवणी बदलून त्यांना कामगार म्हणून राबवलं जातं. तिथे ती एका वीजकेंद्रात कामाला लागते. जॅफेन नावाचा सहकारी तिला आवडतो, ती त्याच्या घरी राहायला जाते, हसते, निवांत दिसते. म्हणजे या बाईला घर मिळायला आधी आपण कॅप्टन आहोत हे विसरावं लागलं. आठवण परत आली की घर संपलं. जॅफेनचा निरोप घेऊन ती ब्रिजवर येते आणि पुढच्या भागांत त्याचं नावही निघत नाही.

आता 'स्टार ट्रेक'च्याच 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतला कॅप्टन पिकार्ड आठवा. 'द इनर लाइट', १९९२. बेशुद्ध पडलेल्या पंचवीसेक मिनिटांत तो दुसऱ्या एका माणसाचं अख्खं आयुष्य जगतो: बायको, मुलं, नातू, म्हातारपण. शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या हातात तिथली बासरी दिली जाते. ती बासरी पुढे टिकते. १९९३ सालच्या 'लेसन्स'मध्ये तो ती वाजवतो, आणि ज्या स्त्रीसाठी वाजवतो ती त्याच्या हाताखालची अधिकारी असते. तिला धोक्याच्या कामगिरीवर पाठवावं लागतं, तेव्हा हे आपल्याला झेपणार नाही हे त्याला कळतं आणि दोघं थांबतात. हाताखालचा नियम पिकार्डलाही लागला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण त्याला निदान तो नियम अंगावर घेऊन बघू दिलात. आणि बासरी राहू दिलीत. जेनवेकडे क्वारावरची एखादी वाटीसुद्धा नाही.

त्याहून जवळची तुलना 'डीप स्पेस नाइन'मधल्या अंतराळतळाचा कॅप्टन सिस्को याच्याशी. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' ही एकाच घरातली भावंडं, काही वर्षं शेजारी शेजारी चाललेली. सिस्को विधुर, पदरात मुलगा. त्याला कॅसिडी येट्स भेटते. ती मालवाहू जहाजाची कॅप्टन, त्याच्या हाताखालची नव्हे. १९९६ साली तिच्यावर संशय येतो, की बंडखोर माक्वींना ती चोरून माल पुरवते. संशय खरा निघतो. सिस्को तिच्या मागावर तळ सोडून जातो आणि नेमक्या त्याच वेळात त्याचाच सुरक्षा अधिकारी एडिंग्टन तळावरची मौल्यवान यंत्रं पळवतो. म्हणजे प्रेमापायी कॅप्टनच्या कामाचं खरोखर नुकसान झालं! म्हणून त्याची खुर्ची गेली नाही. कॅसिडी शिक्षा भोगून परत आली, त्याने तिच्यासाठी पुन्हा स्वयंपाक केला, आणि १९९९ साली दोघांचं लग्न झालं. मला सिस्को फार आवडतो, त्याचं सुख मला काढून घ्यायचं नाही. पण १९९९ साली त्याला लग्न आणि २००० साली जेनवेला होलोग्राम, हे मला विसरता येत नाही.

आणि 'व्हॉयेजर'चा शेवटचा भाग! भविष्यातली, पांढऱ्या केसांची ॲडमिरल जेनवे चाकोटेच्या थडग्यापाशी उभी राहते. चाकोटेचं लग्न तोवर जहाजावरचीच सहकारी सेव्हन हिच्याशी झालेलं असतं. लेखकांनी काळ अनेक वर्षं पुढे नेला, जहाज घरी आणलं, सगळ्यांचे संसार दाखवले. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी मात्र कुणी नाही.

धास्ती कशाची होती हे मला कळतं. १९९५ साली बाई मुख्य कॅप्टन असलेली ही पहिलीच 'स्टार ट्रेक' मालिका. प्रेमात पडली तर लोक म्हणतील, बघा, बाईच ती. नाही पडली तर म्हणतील, दगड आहे. ही कात्री मला पुस्तकातून कळलेली नाही. बढतीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "घरून किती पाठिंबा आहे?" माझ्याआधी दोघे पुरुष आत जाऊन आले होते. बाहेर आल्यावर मी मुद्दाम त्यांना विचारलं, तुम्हाला हा प्रश्न आला का? नव्हता आला. समोरची माणसं वाईट नव्हती. बाईच्या खुर्चीला घराकडून धोका असतो, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तुमच्या कथानकांतही तेच गृहीत धरलेलं मला दिसतं, म्हणून सांगतेय.

आता खरं काय होतं ते सांगते. मागच्या मार्चअखेरीची गोष्ट. आदल्या रात्री लेकीच्या प्रवेशावरून माझं आणि नवऱ्याचं चांगलंच वाजलं होतं, झोपताना कुणी कुणाशी बोललं नव्हतं. सकाळी स्ट्राँगरूम उघडायची होती. तिला दोन किल्ल्या लागतात, एक माझी, एक रोखपालाची, दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. मी किल्ली फिरवली, दार उघडलं, दिवस सुरू झाला. संध्याकाळी कॅश टॅली होईना, डे-एंड रखडला, साडेनऊ वाजले. घरी आले तर ताटावर झाकण होतं आणि नवरा जागा होता. भांडण मिटलेलं नव्हतंच, पण त्याने विचारलं, "किती कमी पडले?" मी म्हटलं, "पाचशे, आणि सापडले." मग आम्ही प्रवेशाचं पुन्हा बोललो. त्या दिवशी माझा एकही निर्णय चुकला नाही, आणि माझं कुणावर प्रेम आहे म्हणून मी कमी अधिकारीही झाले नाही. मला पडद्यावर हा दुसरा दिवस बघायचा आहे.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने तो थोडा दाखवला. लॉरा रोझलिन, शिक्षणमंत्री, एकेकाळची शिक्षिका. वारसांच्या यादीत त्रेचाळिसावी, वरचे सगळे हल्ल्यात मेले म्हणून राष्ट्राध्यक्ष झाली. ॲडमिरल ॲडामाशी आधी खडाजंगी, मग विश्वास, मग प्रेम, आणि सगळं पिकलेल्या वयात, घाई न करता. चौथ्या सीझनमध्ये ती त्याच्याकडे राहायला जाते, तो तिला पुस्तक वाचून दाखवतो, आणि त्याच खोलीत राज्यकारभाराचे वादही होतात. दोन सत्ताधारी माणसांचा संसार इतका नीट मी क्वचित पाहिलाय. पण पहिल्या भागापासून तिला स्तनाचा कर्करोग आहे. हे सुख उसनवारीचं आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, आणि २००९ साली शेवटच्या भागात ती जाते, तो आपली अंगठी तिच्या बोटात घालतो. मी रडले, अजूनही रडते. तरी विचारते: तिला हे प्रेम द्यायला मरण आधी का द्यावं लागलं?

त्याच मालिकेतली ॲडमिरल हेलेना केन मला जास्त सलते. २००५ साली ती येते ती क्रूर, पोलादी सेनानी म्हणून. दोन वर्षांनी 'रेझर'मध्ये कळतं की जिना नावाच्या स्त्रीवर तिचं प्रेम होतं, जिना शत्रूची निघाली, आणि केनने तिचे हाल करवले. तिच्या आयुष्यातलं एकमेव प्रेम आलं ते तिच्या क्रौर्याचं कारण सांगायला. 'फॉर ऑल मॅनकाइंड'मधल्या मार्गो मॅडिसनचंही तसंच. नासातली कर्तबगार बाई, कचेरीतच झोपणारी. तिला सोव्हिएत अभियंता सर्गेई आवडतो, आणि त्याच धाग्याने तिला ओढून तिच्याकडून इंजिनाची गुपितं काढली जातात. दोन्ही गोष्टी ताकदीने लिहिल्यात. पण बाईने मन उघडलं की जहाजाला भोक पडतं, हे आम्ही किती वेळा पाहायचं?

'काउंटरपॉइंट'चं नाव घेतल्याशिवाय पुढे गेले तर अन्याय होईल. 'व्हॉयेजर'चाच भाग, १९९८ च्या डिसेंबरातला. कॅशिक नावाचा शत्रुपक्षाचा अधिकारी आश्रय मागत येतो. दोघं मिळून रात्ररात्र गणितं सोडवतात, तिला तो आवडतो, ती त्याचं चुंबनही घेते. तो दगा देतो. आणि कळतं की दग्याची तयारी तिने आधीच करून ठेवली होती. आवडणं खोटं नव्हतं आणि सावधपणाही खोटा नव्हता. एकाच डोक्यात दोन्ही. इतकं जमत होतं तुम्हाला, म्हणून तर बाकीच्याचं वाईट वाटतं.

अलीकडे मात्र मन भरून यावं असं काही पाहिलं. 'द एक्स्पान्स'मधली क्रिस्जेन अवसराला, साड्या नेसणारी, शिव्या देणारी, पृथ्वीच्या कारभाराची सूत्रं हलवणारी. तिला अर्जुन आहे, लग्नाचा नवरा. निवडणुकीत तो तिच्या बरोबर असतो, आणि जिंकण्यासाठी ती जे करते ते न पटल्यावर तिच्या तोंडावर सांगतो. त्यांचं बिनसतं ते दोन म्हाताऱ्या, एकमेकांना ओळखून असलेल्या माणसांसारखं. पृथ्वीवर अशनी आदळवले जातात त्यात तुम्ही अर्जुनला नेलंत, ते मला रुचलं नाही. पण त्याआधीचं लग्न लिहिलंत, त्याबद्दल आभार.

आणि 'स्टार ट्रेक'ची 'डिस्कव्हरी'. मायकल बर्नम ही बाई कॅप्टन, आणि तिचा जोडीदार बुक फेडरेशनच्या, म्हणजे ती ज्याची सेवा करते त्या ग्रहसंघाच्या विरोधात जातो. त्याला अडवायची कामगिरी तिच्याचकडे येते. तिच्यावर नजर ठेवायला न्हान नावाच्या अधिकारी बाईला पाठवलं जातं. म्हणजे माझ्या मुलाखतीतला तो प्रश्न मालिकेनेच मोठ्याने विचारला, आणि बर्नमला काम करून त्याचं उत्तर देऊ दिलं. ती कर्तव्य सोडत नाही, त्यालाही सोडत नाही. त्याला शिक्षा होते, दोघं दुरावतात, पुन्हा जुळतात. २०२४ च्या शेवटच्या भागात म्हातारी ॲडमिरल बर्नम, बुक, त्यांचं घर, आणि कॅप्टन झालेला मुलगा. मी सोफ्यावर उठून उभी राहिले होते.

त्याच सीझनमध्ये नी'वार ग्रहाची अध्यक्ष ट'रिना आणि बर्नमचा जुना सहकारी सारू यांचं लग्न ठरतं. तिचा सहायक सारूला हळूच सुचवतो, की घोषणा लांबवा, तिला राजकीय त्रास होईल. सारू बिचारा तिच्या भल्यासाठी कबूल होतो. ट'रिनाला कळल्यावर ती शांतपणे सांगते, की माझं राजकारण मी बघेन. तिने चहाचा पेला ठेवावा इतक्या सहज ते सांगितलं.

माझी मागणी सगळ्याजणींना जोडीदार द्या अशी नाही. एखादी एकटीच राहणार असेल तर राहू दे. पण ते तिने ठरवलेलं असू दे, तिचा एकटेपणा खुर्चीची किंमत म्हणून वसूल करू नका. जोडीदार दिलात तर तो जहाजाबाहेरचा, स्वतःचं काम असलेला द्या, जशी कॅसिडी होती. त्यांना भांडू द्या. त्याला तिच्या कामातलं थोडं कळू द्या, सगळं नको. रात्री आक्रमण होऊन गेल्यावर सकाळी तिला खोलीत परत येऊ द्या, तो जागा असू दे, आणि पुढची दोन मिनिटं जगाला कसलाही धोका नसताना त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू द्या. तेवढी दोन मिनिटं भागात बसतात. सिस्कोच्या स्वयंपाकाला बसली होती.

लेक आता 'डिस्कव्हरी'च्या तिसऱ्या सीझनवर आहे, बुक नुकताच आलाय. "हापण मरणार ना?" असं तिने काल विचारलं. मी काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, बघ तू.

आपली,
एक प्रेक्षक